बारा वर्षं राहिलेला निरोप

सुर्ल, डिचोली
रविवार, ९ मार्च २०२५

ती. जयरामदादास,
धाकट्या सगुणचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. इब्रामपूर मोटारसायकलनं तासाभराच्या वाटेवर, आणि हे पत्र पणजीची वारी करून चार दिवसांनी तुझ्या हातात पडणार. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. बोलणं आपलं कोकणीतलं, पण मनातलं लिहायचं म्हटलं की हात आपसूक मराठी शाळेच्या बाकावर जातो. गुरुदास मास्तर सांगायचे ना, आधी खुशाली, मग मजकूर. तर आधी खुशाली.

शेवंतीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. लेक गौरवी म्हापशाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी आली की आम्हा दोघांचं ब्लडप्रेशर बघते आणि आम्हाला रागावते. विहिरीला पाणी आहे. तू लावलेल्या सुपाऱ्यांपैकी अकरा उभ्या आहेत, एक गेल्या पावसात पडली. खाणीचे ट्रक पुन्हा थोडे थोडे सुरू झालेत, त्यामुळे अंगणातली तुळस तांबडी दिसते. शेवंती रोज सकाळी तिला आंघोळ घालते आणि त्याच पाण्यात ट्रकवाल्यांनाही धुऊन काढते. मी एके काळचा ट्रकवाला, म्हणून गप्प ऐकून घेतो.

मी अजून डिचोलीला बस्त्यांव पदेराच्या पावभट्टीवरच आहे. खाण बंद पडली, टिपर गेला, तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून लागलो होतो. आता दहा वर्षं झाली. स्टिअरिंग धरणारे हात पीठ मळतात. बस्त्यांव सत्तरीचा झाला. पिठाचा गोळा झाकून ठेवण्याआधी तळव्याच्या कडेनं त्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, काढतो आणि म्हणतो, "आतां ताचें काम, आमी च्या पियां." आता पुढचं काम त्याचं, आपण चहा घेऊ.

मजकुराआधी एक गंमत सांगतो.

तीन वर्षांपूर्वी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, फेस्ताला आमच्याकडे सहाशे पावांची मागणी होती. पीठ मळायचं काम माझं. सकाळी मीठ घातलं, मग लाकडं उतरवून घ्यायला अंगणात गेलो, आणि परत येऊन पुन्हा मीठ घातलं. पाव जरा उशिरा फुगले, पण भट्टीतून निघाले ते सोन्यासारखे. मांडवात लोकांनी पहिला घास घेतला. मग एक म्हातारी म्हणाली, "आगे सायबिणी, आयज पावांत दर्या उतरला!" त्या फेस्तात दारूपेक्षा पाणी जास्त संपलं.

बस्त्यांवनं मला विचारलं, "सगुण, मीठ कोणें घालें?"

मी म्हटलं, "पात्रांव, तुमी आदीं घाल्लें आसतलें. माका खबर ना."

डोळ्याला डोळा लावून बोललो, दादा. तो मांडवात गेला, सगळ्यांसमोर टोपी काढली आणि म्हणाला, "माफ करा, म्हातारपण. मीठ मीच दोनदा घातलं." लोक हसले. पुढं वर्षभर त्याला मिठागर म्हणून चिडवत होते.

वर्षभर मी ते पोटात ठेवलं. शेवटी एका दुपारी सांगून टाकलं. तो भट्टी झाडत होता. झाडू न थांबवता म्हणाला, "जनेलांतल्यान पळयलें हांवें." खिडकीतून पाहिलं होतं त्यानं, दोन्ही वेळा!

"मग बोलला का नाहीत?"

"माफ त्याच दिसा केल्लें. तूंच घेवंक येवंक नाशिल्लो."

माफ त्याच दिवशी केलं होतं, घ्यायला मीच गेलो नव्हतो. घरी येईपर्यंत मी सायकलवर रडत होतो आणि हसतही होतो. डिचोली बाजारात एकानं विचारलंसुद्धा, "सगुण, किदें रे, लॉटरी लागली?"

हे कुठं शिकलात म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्यानं भट्टीवरच्या खुरसाकडे फक्त हनुवटी उडवली. त्यानं मला कधी धर्म शिकवला नाही. पुढचं मीच विचारत गेलो. इगर्जीत शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. तिथं जे ऐकलं ते थोडक्यात हेच, की सुळावर टांगलेल्या माणसानं मारणाऱ्यांनाही माफ केलं, आणि ती माफी माझ्यासाठीही तिथं ठेवलेली आहे. ती कमवायची नाही, विश्वासानं हात पुढं करून घ्यायची.

तर आता मजकूर. येत्या पास्काला, म्हणजे एप्रिलमधल्या ईस्टरला, मी बाप्तिस्मा घेणार आहे.

रागावशील. बाटला म्हणशील. गावात काहीजण म्हणतातच. पोटासाठी गेला असं कोणी म्हटलं तर सांग, पदेराकडे पाव मला आधीपासून फुकट आहे. शेवंती तिच्या देव्हाऱ्यात दिवा लावते, मी तिच्याजवळ बसून माझी प्रार्थना म्हणतो. आमच्यात भांडण नाही. तिनं फक्त एकच विचारलं, "चवथीक माटोळी कोण बांदतलो?"

गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायची ती घरातल्या थोरल्यानं, हा आपल्या घरचा रिवाज. तू चवथीला यायचा बंद झालास तेव्हापासून मीच कशीबशी बांधतो. बाबांसारखी केवणीच्या झुडपाच्या सालीची गाठ मला येत नाही, म्हणून नायलॉनचा दोर वापरतो. एका वर्षी नारळ सुटला आणि भटजींच्या पुढ्यात पडला. भटजी म्हणाले, "देवानं स्वतः दिला, घेतो," आणि पिशवीत घातला.

बारा चवथी झाल्या, दादा. बाबांनी तुझ्याविषयी शेवटी जे म्हटलं, म्हणजे मी तुला जे सांगितलं, ते तू मनात धरून बसलास. मी त्याविषयी

आज इतकंच पुरे. ऊन उतरलं, शेवंती चहाला हाक मारते आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
सगुण


सुर्ल
सोमवार, ३१ मार्च २०२५

ती. जयरामदादास, साष्टांग नमस्कार.

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मागच्या पत्रात एक वाक्य अर्धं राहिलं. शाई संपली नव्हती. आज ते पुरं करतो, खुशाली मागाहून. गुरुदास मास्तर माफ करतील.

काल पाडवा होता आणि रविवारही. सकाळी शेवंतीनं गुढी उभारली, मी तिला काठी धरून दिली, कडुनिंबाचं पान खाल्लं आणि इगर्जीत गेलो. फादरनी एका बापाच्या दोन मुलांची गोष्ट सांगितली. तू शाळेत कधी ऐकली असशील. एक मुलगा बापाला सोडून दूर जातो, हाल होऊन परत येतो, आणि म्हातारा बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. घरात जेवणावळ होते. दुसरा मुलगा घरातच राहिलेला, शेतात राबलेला. त्याला राग येतो. तो आत जातच नाही, अंगणात उभा राहतो. बाप त्याला समजवायला बाहेर येतो.

गोष्ट तिथंच संपते. तो आत गेला की नाही, सांगितलेलं नाही.

सगळे लोक गेलेल्या मुलासाठी डोळे पुसत होते. मी मात्र अंगणातल्या त्या दुसऱ्याकडेच बघत होतो. आपल्याकडे थोरला गेला आणि धाकटा राहिला, एवढाच फरक. खाणीच्या गाळानं आपलं शेत मेलं, आणि तू सासऱ्यांच्या काजूबागेत राबायला इब्रामपूरला गेलास. बाबा दारात उभे राहून ओरडले, "घरजांवय जातलो जाल्यार परत येवं नाका!" मी त्यांच्या मागं उभा होतो, राहिलेला, चांगला मुलगा. इतकी वर्षं मी स्वतःला तोच समजत आलो.

आता ऐक.

बाबा गेले तो श्रावणातला रविवार होता. चवथ दोन आठवड्यांवर होती. आठ महिने त्यांचं सगळं मी केलं होतं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. खाण बंद, टिपर अंगणात उभा, आणि मी घरात. त्या दुपारी मी पेज भरवत होतो. वारा सुटला होता. फाटक वाजलं की ते मान वळवायचे.

"जयराम आयलो?"

वारा आहे बाबा, म्हटलं. पुन्हा फाटक वाजलं. पुन्हा, "जयराम आयलो?" तीनदा विचारलं, दादा. मग माझं मनगट धरलं. हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. म्हणाले, "जयरामाक सांग, हांव रागान उलयलों. चवथीक ये म्हण. माटोळी ताच्याच हातान बांदूंक जाय." रागाच्या भरात बोलले होते ते, आणि माटोळी त्यांना तुझ्याच हातची हवी होती.

मी म्हटलं, "फोन केलाय, येतोय तो."

केला नव्हता. फोन खिशात होता. तू तासाभराच्या वाटेवर होतास. बाबा दिवेलागणीला गेले. माझ्या हातात चार तास होते, आणि मी पेजेची वाटी धुतली, उंबऱ्यावर बसलो, आणि फोन केला नाही. आठ महिने माझ्या हातची पेज प्यायले आणि शेवटी हाक मारली ती तुला, एवढंच माझ्या डोक्यात घोंघावत होतं.

ते गेल्यावर मी तुला कळवलं. तू आलास, सगळं आटोपलं, आणि पायरीवर बसून मला विचारलंस, "बाबान म्हजी याद काडली?"

मी म्हटलं, "काढली. म्हणाले, त्याला या घरात घेऊ नका. चवथीलासुद्धा."

चपला हातात घेऊन अनवाणी फाटकापर्यंत गेलास. ती पाठ मी बारा वर्षं बघतो आहे.

मी काय काय केलं, विचारू नकोस. सोमवार धरले, अनवाणी डोंगर चढलो, बाबांच्या श्राद्धाला तू नसताना तुझ्या नावानं पान मांडलं. देवांचा दोष नाही. मी त्यांच्यापुढंही हेच लपवून हात जोडत होतो, मग त्यांनी काय करावं?

काल फादरना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाची माफी तुझ्यासाठी आहेच, बाप्तिस्म्याच्या पाण्यात हे सगळं धुतलं जाईल. मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, मग दादाला सांगायची गरज नाही? ते हसले. म्हणाले, "सगुण, हात धुतले तरी मुठीत भावाची वस्तू असली तर ती परत द्यायला नको?"

ती वस्तू ही घे. बाबांनी तुला टाकलं नव्हतं. ते तुझी वाट बघत गेले. हे घर तुझं आहे, माटोळी तुझी आहे, ती पहिल्यापासून तुझीच होती.

माफ कर असं लिहायला बसलो होतो, पण आता वाटतं, ते तुझं तू बघ, मी घाई करणार नाही. माफी मिळावी म्हणून हे लिहिलेलं नाही. देवाकडून मिळाली यावर विश्वास बसला, म्हणून लिहिण्याचा धीर झाला. नाहीतर आणखी बारा वर्षं गेली असती.

शेवंतीला काल सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. ताट मात्र वाढते.

हे पत्र टपालात टाकल्यावर मी हलका होईन की घाबरेन, माहीत नाही. टाकतो आहे.

बाबांचा, आणि तुझा,
सगुण


सुर्ल
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार राहू दे, परवा निघताना तुला मिठी मारली तीच पुन्हा समज. वहिनीनं दिलेला काजूचा डबा अर्धा झाला. अर्धा शेवंतीनं माझ्यापासून लपवला आहे, म्हणून उरला.

तू म्हणशील, आत्ताच तर पाच दिवस एकत्र होतो, पत्र कशाला? कारण आहे. तयेच्या दिवशी, चवथीच्या आदल्या सकाळी, तू मला अंगणात विचारलंस, "कितलो वेळ उबो आसा रे हांगा?" आणि मी म्हटलं, "हे आत्ताच आलो." ते खोटं होतं. मी तासभर उभा होतो. म्हटलं, हेही पोटात ठेवायचं नाही. बारा वर्षं ठेवून काय होतं ते बघितलं.

तर सगळं नीट सांगतो.

एप्रिल गेला तरी तुझं उत्तर आलं नव्हतं. पास्काला माझ्या डोक्यावर पाणी पडलं. बस्त्यांव माझा पाद्रिन, म्हणजे धर्मबाप झाला. पाद्रिन सत्तरीचा आणि पोर एकोणपन्नासाचं, सगळे हसत होते. फादरनी नाव विचारलं. मी म्हटलं, सगुण, हे बाबांनी ठेवलंय, दुसरं नको. ते म्हणाले, चांगलं आहे, देवालाही ओळखीचं असेल. गौरवी पहिल्या बाकावर होती. शेवंती दाराशी उभी राहिली, पण आली होती. घरी जाताना एवढंच म्हणाली, "उदक थंड आशिल्लें?" म्हटलं, नाही, कोमट होतं. म्हणाली, "बरें जालें, तुका सर्दी जाता."

मार्चमधला तिचा राग उतरायला चार दिवस लागले होते. उतरला तो असा. पाचव्या दिवशी पोळ्या लाटताना लाटणं उगारून म्हणाली, "बारा वर्सां हांवें एकलीन नेवऱ्यो तळल्यो! शंबर शंबर! वत्सला वयनी कुशीक बसपाची, आनी तूं फट मारून बसलो!" मी म्हटलं, बापरे, माझ्या खोट्याच्या पापात या करंज्याही होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. मग तीच आधी हसली.

अर्धा पावसाळा गेला, पत्र नाही. मला वाईट वाटत होतं, पण पहिल्यासारखं नाही. पहिलं दुःख खड्ड्यात बसल्यासारखं होतं. हे दारात बसून वाट बघण्यासारखं होतं. बाबा कसे बघत असतील ते कळलं.

तयेच्या सकाळी मी टोपली घेऊन रानात गेलो. माटोळी कोण बांधणार ते ठरलं नव्हतं, पण सामान तरी हवं. कवंडळं पाणंदीच्या कुंपणावर मिळाली, लाल, टपोरी. पपनसासारखं तोरिंग मिळालं. आंब्याचे टाळे घेतले. आणि ओढ्याकडेला केवण दिसली तेव्हा, का कोण जाणे, तिची सालही सोलून घेतली. गाठ येत नाही आणि साल घेतोय, वेडा कुठला, असं स्वतःलाच म्हटलं.

परत आलो तर फणसाखाली तुझी गाडी. पायऱ्यांवर चपला, आणि त्यात बाबांसारख्या टाच घासलेल्या दोन. आतून शेवंतीचा आवाज, वहिनीचं हसणं, तव्याचा वास. आणि तुझा आवाज, "ना गे, नायलॉन नाका. केवण खंय आसा?"

पाय थांबले, दादा. टोपली खाली ठेवली आणि उभा राहिलो.

तुला वाटलं असेल, लाजला. लाज होतीच. पण तासभर उभं राहायला लाज पुरत नाही. मला वाटलं, आत घर पुरतं भरलंय. जे मोडलं होतं ते माझ्याशिवाय जुळलंय, मी पाऊल टाकलं तर पुन्हा मोडेल. शिवाय आता मी ख्रिस्ती, या माटोळीखाली मी कोण? आणि मग पाडव्याची ती गोष्ट आठवली, अंगणात उभा राहिलेला मुलगा. म्हटलं, हा बघ, अगदी तसाच उभा आहे. पाच महिने मी मानत होतो की मला माफ झालंय. मानत होतो आणि उंबऱ्याबाहेर उभा होतो! बस्त्यांवच्या भट्टीवर वर्षभर हेच केलं होतं. पाव गरम, आणि मी दाराशी उपाशी.

हे कळलं तरी पाय उचलेना. मग तू बाहेर आलास.

केस पांढरे झालेत तुझे. हात धोतराला पुसत तू पायरीवर उभा राहिलास आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. मला वाटलं, आता बोलेल जे बोलायचं ते. बोललासही. "राग आसा. खूब आसा. तो इतल्यान वचचो ना."

मी मान हलवली.

"पूण बाबान आपयलां. मगीर येवचें न्हय?"

राग आहेच, एवढ्यानं जाणारही नाही, पण बाबांनी बोलावलंय, मग यायचं नाही? दादा, मी जन्मभर इतकं सरळ वाक्य ऐकलं नाही. तू माझ्यामुळं आला नाहीस. बाबांच्या निरोपामुळं आलास. आणि तो निरोप बारा वर्षं उशिरा पोचूनही जिवंत होता.

मग तू टोपलीत बघितलंस. सालीची जुडी उचललीस, हुंगलीस. "केवण हाडल्या तुवें?" आणि मग ओरडलास, तेच जुनं, मला शाळेला उशीर झाला की ओरडायचास तसं, "मगीर भायर कित्याक उबो रे, गाढवा? भितर यो मरे!"

आणि मी आत आलो.

बाकी तुला माहीत आहे. तू स्टुलावर, मी खाली. तू साल दोनदा फिरवून, खालून काढून, अंगठ्यानं दाबलीस, बाबांसारखी. मग दुसरं टोक माझ्या हातात दिलंस. "घट धर. सोडूं नाका." माफ केलंस का, हे विचारायला मी पत्रभर शब्द शोधले होते. ते टोक हातात आल्यावर एकाचीही गरज उरली नाही. पूजेला तू बसलास, मी मागं भिंतीशी उभा राहून माझ्या देवाचे आभार मानले. आरतीला वहिनीनं ताट माझ्यापुढंही आणलं आणि मी त्या दिव्याकडं बघत हात जोडले. सहा नारळ, एक निरफणस, सुपारीचा घड, आणि पाच दिवसांत एकही पडला नाही. भटजींनी दोनदा वर बघितलं. जरा हिरमुसले असावेत.

आणि पाचव्या दिवशी बस्त्यांव दर्शनाला आला, गरम उंड्यांची, गोल पावांची, टोपली घेऊन, तेव्हा तू एक उंडा मोडलास, चावलास, त्याच्याकडे गंभीर तोंडानं बघितलंस आणि म्हणालास, "मीठ बरोबर आसा मरे." तो म्हातारा असा हसला की टोपी पडली! माझं पहिलं पत्र तू वाचलं होतंस हे मला तेव्हा कळलं. मिठापर्यंत वाचलंस म्हणजे सगळंच वाचलं असशील, त्या अर्ध्या वाक्यासकट.

तुझा राग अजून थोडा शिल्लक असेल. असू दे. तो घेऊनच येत जा. दिवाळीला फाव, म्हणजे पोहे, खायला ये, राग पण आण, दोघांना चहा देऊ. डिसेंबरात माझा पहिला नाताळ आहे. शेवंती म्हणते, करंज्याच करायच्या, नाताळालाही त्याच लागतात. वहिनीशिवाय तिला ते जमणार नाही, असं तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

काल संध्याकाळी वारा सुटला आणि फाटक वाजलं. मी सवयीनं मान वळवली. मग उठून गेलो आणि ते पुरतं उघडून दगड लावून ठेवलं. आता ते वाजत नाही, नुसतं उघडं असतं.

बाबा, जयराम आला.

आत असलेला,
तुझा सगुण